टाकी भरेपर्यंत

पाणी कमी पडावं म्हणून महादेवापुढं हात जोडणारी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात मी एकटीच असेन. लोक पावसासाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि मी म्हणायचे, देवा, होळी झाली की आमचा ओढा जरा आटू दे. पार कोरडा नको करू, पण आटू दे. हसायचं तर हसा. जिला महिनोन् महिने बोलायला माणूस मिळत नाही तिनं देवाकडं काय मागायचं हे तिचं तिला ठरवू द्या.

माझं माहेर कागलच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. घरात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्ही मोठ्यानं. आप्पांचा धान्याचा व्यापार. दारात सारखे टेम्पो, हमाल, गिऱ्हाइकं, आणि आत चुलत्या, आत्या, त्यांची पोरं. अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपुढून हाक मारायची ती रस्त्यावर ऐकू जायची. "बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," असं आप्पा म्हणायचे, आणि आमच्या घरात गहू पडून राहिलेलं माणूस एकही नव्हतं. अशा घरातली मी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन आले ती थेट डोंगरात, आजऱ्याच्याही पलीकडं, ओढ्याकाठच्या एकुलत्या एका घरात. सासू, दीर, थोरली जाऊ सगळे वर टेकाडावरच्या वाडीत. आम्ही दोघं खाली ओढ्याला. का, तर तिथं चाक होतं.

आमचे मालक (आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मालकी कुणाची चालते तो विषय वेगळा) लग्नाआधी कोल्हापुरात उद्यमनगरात एका कारखान्यात कामाला होते. ओतीव लोखंड घासायचं काम. तिथं त्यांना वेड लागलं की आपल्या ओढ्याच्या पाण्यावर यंत्र चालवायचं. वाडीत दिवे आले होते, पण मोटार ओढेल अशी मोठी लाईन नव्हती, आणि जे दिवे होते ते असून नसल्यासारखे. दळण घेऊन बायका डोंगर उतरून बाजारगावाला जायच्या. मालकांनी नोकरी सोडली, लोखंडाचं चाक तिथंच बनवून घेतलं, आणि वाडीतल्या लोकांनी ते सुटं करून, डोक्यावरून आणि खांद्यावरून, डोंगरात आणलं.

वरच्या अंगाला ओढ्यावर दगडी बांध. बांधात मध्ये एक खिंड, तिला लाकडी फळी. फळी खाली टाकली की पाणी अडायचं आणि डोंगराच्या कडेनं काढलेल्या पाटात शिरायचं. फळी उचलली की पाणी परत आपलं ओढ्यात. पाटातून टाकीत, टाकीतून जाड पाइपानं उभं खाली आणि खाली चाकाच्या पात्यांवर. पाइपाचा कॉक उघडला की चाक फिरायचं, त्याच्यावरून पट्टा, आणि पट्टा पाहिजे तसा कधी पिठाच्या चक्कीवर चढवायचा, कधी भाताच्या गिरणीवर, कधी चटणी कुटायच्या डंकावर. ना डिझेल, ना वीज. पाणी येऊन चाक फिरवायचं आणि आपल्या वाटेनं खाली निघून जायचं. मालकांना त्याचं इतकं कौतुक, की पाटात पान अडकून थोडं पाणी बाहेर सांडलं तरी त्यांना जेवण जायचं नाही. थेंब थेंब जपायचे. आमच्याकडं पाऊस पडून पडून भिंतींना शेवाळ यायचं, आणि हा माणूस पाणी जपायचा!

आता कानांचं सांगते. कारखान्यात त्यांचे कान निम्मे गेलेच होते, उरलेले चाकाच्या घरघरीनं नेले. शाहूपुरीतल्या एका दुकानातून कानाचं मशीन आणलं. ते कानात घातलं की माझं बोलणं बाजूलाच, चाकाचाच आवाज डोक्यात शिरायचा. दोन दिवस घातलं आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. मग राहिलं काय, तर ओरडणं. ओरडून बोललेलं त्यांना ऐकू यायचं. हळू बोललेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ओरडायचं. अहो, ओरडून काय काय सांगता येतं? "भात उतू गेला" हे सांगता येतं. "शेळी पाटात पडली" हे सांगता येतं. भांडता तर फारच छान येतं. पण मला आज अव्वाची आठवण येतेय, हे ओरडून कसं सांगायचं? तुमचा सदरा धुताना बरं वाटलं, हे डोंगरभर ऐकू जाईल असं कोण बोलतं? त्यामुळं झालं काय, की माझा राग तेवढा त्यांच्यापर्यंत पोचायचा. बाकीची मी त्यांना ठाऊकच नव्हते. कुणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, बायको लई तापट हाय. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

पावसाळ्यात आणि थंडीत चाक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरायचं. बायका प्लास्टिकची खोळ पांघरून दळण घेऊन यायच्या, पण त्या घरघरीत बोलणार काय? जाडं की बारीक हे बोटांनी. घाई आहे हे हातानं. दळण टाकायचं, पाटी उचलायची, चालू लागायचं. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठी बघायचे. मुलगा झाला तेवढी काही वर्षं घरात बोलणं होतं. तो थोडा मोठा झाल्यावर त्याला शिकायला वारणानगरला ठेवला, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. कधी कधी मी चाकाजवळ उभी राहून मोठमोठ्यानं कानडीत बोलायचे. अव्वाशी बोलल्यासारखं. कुणाला ऐकू जायचं नाही, मलासुद्धा नाही.

आणि मग यायचा उन्हाळा, आणि उन्हाळ्याबरोबर चटणी.

कोल्हापूरच्या माणसाला डंक सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. लोखंडी मुसळं असतात, यंत्र ती उचलतं आणि उखळात आपटतं. त्यात वर्षाची चटणी कुटायची. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, धणे, तीळ, खोबरं, मसाला भाजून घ्यायचा, वर लसूण, मीठ, कोथिंबीर. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला वाटतं आपलंच खरं. म्हणून आपली चटणी दुसरीच्या भरवशावर टाकून कोणी जात नाही. उखळापाशी स्वतः बसायचं, शिंका देत, डोळे पुसत, पण हलायचं नाही.

आणि नेमका त्याच दिवसांत ओढा बारीक व्हायचा. पाटातून येणारं पाणी एवढंसं. मालक सकाळी कॉक उघडायचे, डंक जोरात चालायचा, आणि बघता बघता टाकी रिकामी. मुसळं हळू हळू होत थांबायची. कॉक बंद. आता टाकी भरेपर्यंत बसा.

ते बसणं! ओढ्याच्या काठाला जांभळाचं झाड होतं, त्याच्या सावलीत बायका पसरायच्या. चाक थांबलेलं, डोंगर शांत, आणि पहिल्यांदा माणसाचा आवाज माणसाला ऐकू यायचा. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला बघायला पावणं आले आणि पोह्यांत मीठच नव्हतं, सगळं निघायचं. वाडीतली एक म्हातारी होती, तिला सगळे आक्का म्हणायचे. ती एका सपाट दगडावर बसायची, तो दगड तिचाच. नवरे सोडून जगात दुसरं काही हसण्यासारखं नाही असं तिचं मत होतं, आणि तिचं ऐकलं की पटायचंसुद्धा. वर्षभराचं बोलणं मी त्या चार-सहा आठवड्यांत उरकायचे. हसून हसून माझे गाल दुखायचे.

रीत अशी, की ज्या डंकावर चटणी कुटली त्या घरी एक गोळा ठेवून जायचं. प्रत्येकीचा गोळा मी एकाच बरणीत दाबायचे. कुणाची तिखटजाळ, कुणाची लसणीची, कुणाची तीळ जास्त पडलेली. घरची चटणी मी कधी केलीच नाही. वर्षभर भाकरीबरोबर अख्खी वाडी खायचे. पावसाळ्यात एकटी जेवायला बसले की जिभेला लागायचं, ही आक्काची, ही जाऊबाईंची. तेवढीच सोबत.

आता माझं तोंड. बायका सावलीत बसल्या की मी चहा ठेवायची आणि वरून ओरडायची, "उठा की गं! घरंदारं न्हाईत व्हय तुम्हास्नी? माझ्या उरावर बसायला बऱ्या येतासा!" आक्का खालून म्हणायची, "साखर जरा जास्त घाल, वराडतीस तेवढी तरी." बायकांना कळायचं. जी बाई शिव्या देता देता दुसऱ्यांदा चहा ठेवते तिचं काय मनावर घ्यायचं? पण ऐकणाऱ्यांत आणखी एक माणूस होता. मालकांना त्यांची हसणी ऐकू जायची नाहीत, माझी साखर दिसायची नाही. माझं ओरडणं तेवढं जायचं. आणि संध्याकाळी सगळ्या गेल्या की मला जे भकास वाटायचं त्याचाही राग मी त्यांच्यावर काढायची. "किती बसत्यात ह्या! तुमची ती टाकी एकदा भरून वाहू दे म्हणावं, सुटंन मी!" असं काहीबाही. ते मान हलवायचे.

एका पावसाळ्यानंतर ते कुदळ घेऊन डोंगरात जायला लागले. सकाळी जायचे, मातीनं माखून यायचे. "काय चाललंय?" म्हणून ओरडले तर म्हणाले, "कळंल." वरच्या रानात एक झरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. तिथून त्यांनी पाइप पुरत आणला. जुन्या टाकीच्या शेजारी नवी टाकी बांधली, दगड फोडून, एकेक दगड बसवून. हाताची सालं निघाली. वाडीतले दोघं-तिघं मदतीला यायचे, पण निम्मं काम त्यांचं एकट्याचं. फाल्गुनात काम झालं आणि मला हाताला धरून वर नेलं. टाकी काठोकाठ भरलेली. लग्नात फोटोला हसले होते, त्यानंतर तसे हसलेले मी त्या दिवशी बघितले.

"आता डंक दिवसभर थांबायचा न्हाई," ते म्हणाले. "कोण बसायचं न्हाई तुझ्या उरावर. तुला ताप न्हाई."

मी पाण्याकडं बघत उभी राहिले. गाढवापुढं वाचली गीता म्हणावं तर तोही दोष त्यांचा नव्हता, मी गीता कधी वाचलीच नव्हती. नुसता आरडाओरडा केला होता. मी हळूच म्हटलं, "असं कशाला केलंत हो?" त्यांना वाटलं, मी कौतुक केलं. मान डोलावली आणि खाली उतरायला लागले.

त्या उन्हाळ्यात डंक खरंच थांबला नाही. बायका सकाळी आल्या, कुटलं, डबे भरले, दुपारच्या आत वर निघून गेल्या. चाकाच्या आवाजात कुणी बसेना, आणि बसायचं कारणही नव्हतं. सगळ्यांना बरंच झालं, घरी कामं काय कमी असतात? आक्का जाता जाता माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "न्हवरा लई गुणाचा हाय बघ तुझा." गोळे ठेवून गेल्या सगळ्या. बरणी भरली. पण जांभळाखाली पाला तसाच पडून राहिला, कुणी बसून तो सारलाच नाही.

मी ओरडायची बंद झाले. ओरडायला विषय नव्हता. स्वयंपाक करायचा, वाढायचं, भांडी घासायची. मालकांना माझं ओरडणं म्हणजेच मी. ते थांबल्यावर त्यांना घरात कुणी नसल्यासारखं वाटलं असणार. एक दिवस जेवताना माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "बरं न्हाई व्हय तुला?"

"बरी हाय."

"मग बोलत का न्हाईस?"

मी म्हटलं, "कुणाशी बोलू?"

हळूच म्हटलं. ते "आँ?" म्हणाले. मी मान हलवली, काय न्हाई, आणि त्यांच्या ताटात भाकरी टाकली. ते बराच वेळ जेवायचे थांबले होते. ऐकू गेलं नव्हतंच, पण तोंडाकडं बघत होते.

तो पावसाळा मला अजून नको वाटतो. ओढा इतका भरून आला की चाक बंद ठेवावं लागलं, वाडीची वाट बंद झाली, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. ते पट्टे शिवायचे, मी तांदूळ निवडायची. दोन माणसं एका घरात असून एकटी असतात हे मला माहेरात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढचा उन्हाळा आला. चटणीच्या पहिल्याच दिवशी, बायका कुटायला बसल्या आणि ऊन जरा चढलं, तशी मुसळं हळू झाली. आणि थांबली. मी धावत कॉकपाशी गेले, कॉक उघडाच. टाकी रिकामी! बायकांनी कपाळाला हात लावले. मग एक एक करत जांभळाखाली जाऊन टेकल्या. चहा झाला. पोह्यांतल्या मिठापासून सुरुवात झाली ती पार ऊन कलेपर्यंत. मी ओरडले, "आलासा परत उरावर?" आणि मला इतकं बरं वाटलं की चहाची किटली हातातून निसटायची राहिली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आणि तिसऱ्या दिवशीही. मालक कुठं दिसत नव्हते. बायका म्हणायला लागल्या, खेकड्यांनी बांध पोखरला असंल, नायतर पाइप फुटला असंल. आता मात्र मी चिडले. एवढं मरमर करून बांधलेली टाकी एका वर्षात निकामी? कशाचं काय नि फाटक्यात पाय! बघूच म्हणून पदर खोचला आणि पाटाच्या कडेनं वर चढले.

पाट कोरडा. कुठं फुटलेला नव्हता. वर बांधापाशी पोचले तर मालक बसलेले. माझ्याकडं पाठ, डोक्यावर टॉवेल, सावली कुठं नाही. आणि खिंडीतली फळी त्यांच्या मांडीवर.

पाणी खिंडीतून ओढ्यात चाललं होतं. नव्या झऱ्याचा पाइपही उपटून त्यांनी त्याचं तोंड ओढ्याकडं वळवलं होतं. थेंबाला जपणारा माणूस, आणि सगळं पाणी डोळ्यांदेखत सोडून देत बसला होता. शेजारी फडक्यात भाकरी. दिवसभराची तयारी करूनच आला होता.

पहिला आला तो संतापच. तोंड उघडलंही मी. मग खालून, खूप खालून, बायकांचं हसणं वर आलं. आक्कानं काहीतरी म्हटलं असणार. मला ते ऐकू आलं आणि त्यांना आलं नाही. त्यांना पाण्याचाही आवाज येत नव्हता. खाली काय चाललंय, हसतात का भांडतात, काही कळत नसताना हा माणूस उन्हात फळी धरून बसला होता, मला चार माणसं मिळावीत म्हणून. मी अगदी पाठीशी उभी होते. ओरडले असते तर त्यांनी ऐकलं असतं.

मी ओरडले नाही. आले तशी खाली गेले. बायकांना म्हटलं, "खेकड्यांनी बांध पोखरलाय. मालक बुजवाय लागल्यात. बसा निवांत."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, वर डोंगराकडं बघितलं, आणि तोंडात तंबाखू टाकत म्हणाली, "औंदा खेकडी लई झाल्यात बाई."

त्यानंतर दर उन्हाळ्याला आमच्या बांधाला खेकडी लागायची. दुपारपर्यंत काम व्हायचं, मग डंक थांबायचा, ऊन कलताना पुन्हा चालायचा. कुणी तक्रार केली नाही. संध्याकाळी मालक टॉवेलनं तोंड पुसत उतरायचे, मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. ताटात तेवढं त्यांना मी जास्त वाढायची. एकदा मनात आलं, आपणही वर जाऊन त्यांच्याजवळ बसावं. पण मग खाली बोलायला कोण? गेले नाही. बायकांत बसून हसता हसता माझे डोळे वर जायचे, एवढंच.

मग रस्ता झाला. वाडीपर्यंत डांबर आलं आणि डांबराबरोबर वडाप, माणसं भरून नेणारी जीप. जीप सकाळी निघाली की बाजारगावात विजेवरचे डंक, एका वेळी कितीतरी जणींची चटणी, आणि येताना बाजारही होतो. कोण उतरणार आमच्या ओढ्याला? दळण आधी गेलं, मग भात, मग चटणी. मी कुणाला बोल लावत नाही, माझ्या गुडघ्यांनी मला विचारलं असतं तर मीही वडापमध्येच बसले असते. शेवटी शेवटी आक्का तेवढी हट्टानं यायची. मग तिची लेक तिला आपल्याकडं घेऊन गेली, आणि सपाट दगड रिकामा झाला.

आता मी मुलाकडं असते, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ. तो कारखान्यात जातो, सून नोकरीला, नातू शाळेत. फ्लॅट छान आहे. मी फोनवर बोलले की शेजारची बाई दार उघडून बघते, इथं भांडण लागलंय का म्हणून. काय करू, चाकाशेजारी राहून घसा तसाच झाला. सून म्हणते, आई, हळू. मी हळू बोलायला जाते तर शब्दच येत नाहीत. मालक नाहीत आता. ओढ्याचं घर बंद आहे. चटणी दुकानातून येते, पाकिटात, दर वेळी एकाच चवीची.

ते असतानाचा शेवटाकडचा एक उन्हाळा मात्र सांगायचा आहे. बरणी रिकामी झाली होती. गोळा ठेवायला कुणी येणार नव्हतं, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी स्वतःची चटणी करायला घेतली. मिरच्या वाळवल्या, मसाला भाजला, आणि पाटी घेऊन डंकापाशी गेले. इतकी वर्षं सगळ्यांची कुटली, पण उखळापुढं गिऱ्हाईक होऊन मी कधी बसले नव्हते. मालकांनी पट्टा चढवला, कॉक उघडला. मुसळं उठली. ते वाटेकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. वाटेवर कुणी नव्हतं. मग टॉवेल डोक्याला गुंडाळून वर निघून गेले. मला वाटलं, पाला काढायला गेले असतील.

माझी चटणी अर्धी कुटून झाली आणि मुसळं मंद होत थांबली.

मी जी भडकले! "आवं, कुणासाठी?" मी खालून वर ओरडले. "कोण हाय का हितं बसायला? कुणासाठी पाणी तोडलंसा?" डोंगरानं माझंच ओरडणं मला परत दिलं. थोड्या वेळानं ते सावकाश उतरत आले. कॉक बंद केला. ओढ्यात हातपाय धुतले. जांभळाखाली गेले, सपाट दगडावरचा पाला हातानं सारला आणि आक्काच्या जागी बसले.

"फळी टाकून आलोय," ते म्हणाले. "टाकी भरूस्तर वेळ हाय. बोल."

"काय बोलू?" मी हळूच म्हटलं. "ऐकू तर येत न्हाई तुम्हास्नी."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "बोल की," म्हणाले.

मी समोर बसले. मग अव्वाचं सांगितलं, ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत उशीर झाला होता ते. मुलाला वारणानगरला सोडून येताना एसटीत कुणाशी तरी बोलावं म्हणून मी कंडक्टरशी भांडण काढलं होतं ते. महादेवापुढं ओढा आटू दे म्हणायचे ते सांगितलं. तुमची टाकी मला नको होती, म्हटलं. तुम्हाला फळी घेऊन बसलेलं मी बघितलं होतं, म्हटलं, पहिल्याच वर्षी, आणि तोंडातून शब्द काढला नाही. सगळं हळू, घरात बोलतात तसं. ते मान हलवत होते, हसायचं नव्हतं तिथं हसत होते, आणि एकदा मी रडले तेव्हा व्हय व्हय म्हणाले.

वर टाकी भरली. काठावरून पाणी सांडायला लागलं, दगडांवरून खाली पांढरं पांढरं घसरायला लागलं, आणि ते बसले होते तिथून नजर वर केली की समोर दिसत होतं. मी बोट केलं. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडं तोंड केलं.

"सांडू दे," ते म्हणाले. "मग? पुढं?"